डोंगर ओसाड दिसतो तेव्हा

(पेण-रोहा भागातल्या वाड्यांच्या शिबिरात केलेली मांडणी. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही जण वही-पेन घेऊन वाडीत बसलो. विचारलं, आपल्या डोंगरात खायच्या, औषधाच्या वनस्पती कोणत्या, सांगा. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. पंधरा-वीस नावं झाली आणि सगळे गप्प. आम्हाला वाटलं, जुनी माहिती विसरत चालली. तसं बोलूनही दाखवलं. त्यावर एक म्हातारी बाय म्हणाली, "घरात बसून काय सांगू? डोंगरात चला, मंग दाखवते."

गेलो. मे महिना. ओहोळ आटलेले, खडक तापलेला, पायाखाली नुसता पाचोळा. हिरवं म्हणावं असं फार काही नाही. म्हातारी एका जागी थांबली, काठी टेकवली. "हितं शेवळा." आम्हाला काहीच दिसेना. थोडं वर गेल्यावर एक सुकलेला वेल धरून म्हणाली, "हा करांदा. कडू हाय. राखेत उकडून वाहत्या पाण्यात ठेवायचा, मंग खायाचा." पुढं चाईचा वेल, मग कुडा. दुपारपर्यंत वहीत चाळीसच्या वर नोंदी झाल्या, आणि प्रत्येक नोंदीला जागा होती.

आता यात आपल्या दाव्याशी काय संबंध, ते सांगतो.

डोंगराची पाहणी करायला माणसं येतात ती बहुतेक कोरड्या दिवसांत, गाडी वरपर्यंत जाते तेव्हा. त्या वेळी डोंगर उघडा दिसतो. कागदावर उतरतं 'खडकाळ, ओसाड'. एकदा ओसाड लिहिलं की तिथं कुणाचा हक्क, कुणाचं पोट, हा प्रश्नच उरत नाही. शेवळा तर त्या वेळी जमिनीच्या पोटात असतो. पहिल्या पावसाच्या आगेमागे त्याचा कोंब वर येतो, पानाच्याही आधी. थोडेच दिवस मिळतो. मग पान येतं, पावसाळा सरला की तेही वाळतं, खाली कंद तेवढा राहतो. आपल्या बायांना तो माहीत असतो, काकडं घालून शिजवला नाही तर घसा खाजतो हेही माहीत असतं. साहेबाला कसा दिसणार? म्हणून नोंद महिन्यावार पाहिजे.

२००६ च्या वन हक्क कायद्यात गौण वनउपजावर आपला मालकी हक्क मानला आहे. त्यात औषधी वनस्पती, मुळं, कंद हे शब्द आहेत. १ जानेवारी २००८ ला लागू झालेल्या नियमांत, तेराव्या नियमात, सामूहिक हक्काच्या पुराव्यांत कंदमुळं, चारा, रानफळं गोळा करायच्या जागा, पाण्याच्या जागा, वैदूंच्या औषधी गोळा करायच्या जागा सांगितल्या आहेत. म्हणजे म्हातारीनं काठी टेकवली ती जागा कायद्यात बसते. पण एकाहून जास्त पुरावे लागतात. नुसत्या वहीवर विसंबू नका. दळीचे जुने कागद असतील तर ते, आणि जाणत्या माणसांचे लेखी जबाब सोबत जोडा.

कातकऱ्यांना तर हे समजवायला नको. खैराच्या कातावरून आपलं नावच पडलं. जंगल राखीव झालं, कात पाडणं गेलं, नाव तेवढं राहिलं.

आमच्या चुकाही सांगतो. फोडशी, कोळीभाजी, कुलू अशा तीन वनस्पती आम्ही लिहिल्या. पावसात कळलं की भाजी एकच, वाडीगणिक नाव वेगळं. तेव्हापासून आधी झाड पाहायचं, मग ठाकरी, कातकरी, आगरी अशी मिळतील तेवढी नावं एकाच ओळीत लिहायची. त्यापुढं जागेचं आपलं नाव, म्हणजे खिंड, माळ, ओहोळ जे म्हणत असू ते. मग महिना, कोणता भाग घेतात आणि माहिती कुणी दिली, तिचं नाव. फुलासकट फांदी रद्दी पेपरात दाबून वाळवली आणि तारीख, जागा लिहिली, तर कॉलेजातले जाणकार लॅटिन नाव नंतर सांगू शकतात. त्याची आपल्याला घाई नाही.

एका गोष्टीवर मात्र आमच्यात भांडण झालं. औषध लिहायचं का? तरुण पोरं म्हणाली, सगळं लिहा. वैदू म्हणाले, नाही. केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण आम्ही मांडलं. १९८७ साली शास्त्रज्ञांबरोबर डोंगर चढताना त्यांनी थकवा घालवणारं एक झाड दाखवलं. त्यावरून 'जीवनी' नावाचं औषध निघालं, एका कंपनीला परवाना मिळाला. परवान्याच्या पैशांतला निम्मा वाटा काणींना देण्याचं ठरलं, त्याचं जगभर कौतुक झालं. पण झाड जंगलातलं, आणि जंगल काणींच्या हातात नव्हतं. ते गोळा करायला वनखात्याचीच अडचण आली.

शेवटी आम्ही असं ठरवलं : कोणती औषधी कोणत्या डोंगरातून आणतो एवढं लिहायचं. कशात कुटायची, किती द्यायची, ते वैदूकडंच राहील. भाजीचं सगळं उघड लिहायचं. अस्सल वही ग्रामसभेच्या ताब्यात, फायलीला झेरॉक्स, आणि दिल्याची पोच घ्यायची. जैवविविधता कायद्याखाली पंचायतीची वेगळी नोंदवही असते. कुणी "त्यातच घालतो, द्या" म्हणून वही मागितली तर देऊ नका, बसून उतरवून घ्या म्हणावं.

मृगाच्या आधी प्रत्येक वाडीनं दोन पोरं आणि दोन जाणत्या बाया ठरवाव्यात. लिहिणारी पोर मुलगी असली तर बरं, बाया तिच्याशी मोकळं बोलतात. वह्या इथून घेऊन जा. बायांचा मजुरीचा दिवस बुडतो, त्याची भरपाई वाडीच्या वर्गणीतून करायची का, ते आज जेवायच्या आधी ठरवू.