घरातील वातानुकूलन यंत्राची निगा

(समुद्रकाठच्या एका गावी पंचायतीच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



वातानुकूलन यंत्राची निगा हा विषय गावच्या सभागृहात बोलण्याजोगा आहे काय, अशी शंका निमंत्रण आले तेव्हा मला आली होती. एके काळी हे यंत्र बँकेच्या व्यवस्थापकाच्या खोलीत किंवा चित्रपटगृहात असे. घरी असणे हे श्रीमंतीचे लक्षण समजले जाई. परंतु आज इकडे येताना रस्त्याच्या दुतर्फा घरांच्या भिंतींवर लटकलेली यंत्रे मी मोजीत आलो. विसापर्यंत मोजली आणि पुढे मोजणे सोडून दिले. त्यांतील निम्म्यांच्या मागच्या बाजूला गंजाचे ओघळ दिसले, तेव्हा माझी शंकाही फिटली.

माझी सारी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हाच व्यवसाय शिकविण्यात गेली. त्या अनुभवातून सांगतो की, या यंत्राची जी सेवा सर्वांत मोलाची आहे ती बहुतांशी घरमालकानेच करावयाची असते, तिला पैसे लागत नाहीत, आणि नेमकी तीच होत नाही. उलट जिच्यावर आपण दरवर्षी पैसे खर्चितो, ती पुष्कळदा करण्याची गरजच नसते.

प्रथम यंत्र करते काय, ते पाहू. ते थंडी निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरविला की गार वाटते, कारण स्पिरिट उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जाते. यंत्रातील गॅस हेच काम करतो. फरक इतकाच की येथे उडालेला वायू बाहेर निसटू न देता कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या भागात त्याची उष्णता काढून घेतली जाते, त्याचा पुन्हा द्रव होतो व तो परत आत येतो. हे चक्र बंदिस्त असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरे काम पाणी काढण्याचे. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, ती माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे. हवेतील दमटपणाने कागद फुगे-आकसे आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत, ती अडचण दूर करण्यासाठी. आपल्या गोमंतकात हे दुसरे कामच अधिक महत्त्वाचे आहे. पणजीचा पारा नागपूरसारखा पंचेचाळिसाकडे धावत नाही, तरीही मे महिन्यात अंगावरचा घाम सुकत नाही. अशा दमट दिवसांत दीड टनी यंत्र तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज ओढून काढते. (एका शिक्षकमित्राने मला विचारले होते, दीड टनाचे वजन भिंत पेलेल काय? हा टन यंत्राच्या वजनाचा नसून बर्फाचा आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच अवधीत खोलीबाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे.)

आता जाळीकडे वळू. आतल्या यंत्राचे झाकण वर उचलले की प्लॅस्टिकची बारीक जाळी हाती येते. खोलीतील सारी हवा तिच्यातून जाते. समुद्रकाठी तिच्यावर दमट, चिकट थर बसतो. सांगे-सत्तरीकडे लाल मातीची पूड बसते. जाळी तुंबली की हवा कमी जाते आणि यंत्र तेवढ्याच थंडाव्यासाठी अधिक वेळ चालून अधिक वीज खाते. वापर रोजचा असेल तर दर पंधरा दिवसांनी ती काढावी, साध्या वा किंचित कोमट पाण्याने मागच्या बाजूने धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. उन्हात टाकू नये, वाकते. गरम पाणी वापरू नये. या कामाला दहा मिनिटे लागतात. आपल्या भगिनी चहाची गाळणी रोज धुतात; ही गाळणी त्याच जातीची, पण डोक्याच्या वर असल्याने दृष्टीआड राहते.

जाळी फारच तुंबली तर एक विचित्र प्रकार घडतो. पुरेशी हवा न मिळाल्याने आतली कॉइल शून्याखाली थंड होते, तिच्यावर बर्फ धरतो आणि यंत्र बंद केले की वितळून पाणी भिंतीवरून वाहते. घरमालक म्हणतो, "यंत्र गळते, गॅस संपला असेल." गॅस कमी झाल्यानेही बर्फ धरतो, हे खरे, म्हणूनच आधी जाळी धुवून पाहावी आणि मगच मेकॅनिकला बोलवावे.

या गॅसविषयी घरचीच एक हकीकत सांगतो. माझ्या वहिनी प्राथमिक शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर गुडघ्यांच्या दुखण्याने त्यांचा वावर एकाच खोलीत राहिला, म्हणून मुलाने तेथे यंत्र बसवून दिले. मी त्या वेळी नोकरीनिमित्त दूर होतो. दरवर्षी एप्रिलात खोली गार होईनाशी होई, मेकॅनिक येई, गॅस भरून जाई आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा तेच. चौथ्या वर्षी मी सुट्टीत गेलो असता त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून चार पावत्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हेच शिकविता ना? मग हा गॅस दरवर्षी जातो तरी कुठे?"

वहिनींचा प्रश्न माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा शहाणपणाचा होता. स्वयंपाकाचा गॅस जळून संपतो. हा गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. नळ्या शाबूत असतील तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या अखेरपर्यंत पुरावा. कमी झाला याचा अर्थ कोठेतरी छिद्र आहे. मी साबणाचे पाणी करून सांध्यांना लावले. बाहेरच्या यंत्राशी नळी जोडणाऱ्या पितळी नटाशी बुडबुडे आले. नळीचे तोंड नव्याने फुलवून नट घट्ट केला, पंपाने नळ्यांतील हवा व दमटपणा ओढून काढविला आणि गॅस काट्यावर तोलून भरविला. त्यानंतर त्या डब्यात पाचवी पावती पडली नाही.

त्या मेकॅनिकला मी लबाड म्हणणार नाही. छिद्र शोधावयास दोन तास लागतात आणि त्या दोन तासांचे पैसे देण्यास आपण तयार नसतो. गॅस भरल्याचे पैसे मात्र निमूट देतो, कारण काहीतरी वस्तू मिळाली असे वाटते. हा दोष गिऱ्हाइकाचाही आहे. यास्तव मेकॅनिक "गॅस कमी आहे" म्हणाला की विचारावे, "कुठून गेला ते आधी दाखवा." आणि त्या शोधण्याची मजुरी आनंदाने द्यावी. यंत्राच्या पट्टीवर गॅसचे नाव व वजन छापलेले असते. भरताना काटा वापरला जातो की नाही, तेही पाहावे.

गॅस निसटणे हे केवळ पैशाचे नुकसान नव्हे. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला अपाय करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो हटविला जात आहे. नव्या यंत्रांतील आर-३२ ओझोनला निरुपद्रवी असला, तरी पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट आहे. असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. काही यंत्रांत आर-२९० असतो. हा म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातील एक घटक. आर-३२ मंदपणे पेट घेऊ शकतो, आर-२९० तर सहज पेटतो. तेव्हा या यंत्रांचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करवून घ्यावे, त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ विडी-काडी नसावी.

आता आपल्या गावाचा खास शत्रू, म्हणजे खारा वारा. बाहेरच्या यंत्रातील नळ्या तांब्याच्या व त्यांवरील पातळ पापुद्रे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. दोन निरनिराळे धातू एकमेकांस चिकटलेले आणि वर खारट ओल, की ॲल्युमिनियम झिजू लागते. पापुद्रे पांढुरके होऊन बोटाने भुगा होतील इतके जीर्ण होतात. यावर साधा उपाय गोड्या पाण्याचा. पावसाळ्यात पाऊस हे काम थोडेफार करतो. पावसाळा सरल्यावर मात्र महिन्यातून एकदा वीज बंद करून बाहेरच्या यंत्रावर नळाच्या मंद धारेने पाणी सोडावे. जोराचा फवारा मारू नये, पापुद्रे वाकून वाट बंद होते. ॲसिड तर मुळीच नको. नवे यंत्र घेताना पापुद्र्यांवर संरक्षक लेप आहे की नाही, हे विचारावे. आणि बाहेरचा भाग समुद्राच्या थेट तोंडावर न बसविता घराच्या आडोशाला बसवावा.

बसविण्याच्या जागेसंबंधी आणखी एक गोष्ट मला टोचते. कित्येक घरांत बाहेरचे यंत्र अशा ठिकाणी टांगलेले असते की दुरुस्तीस आलेल्या पोराला एका हाताने गज धरून, अरुंद छज्जावर उभे राहून काम करावे लागते. माझे विद्यार्थीच ही कामे करतात. त्यांतील एकजण असाच पडून कायमचा अधू झाला. ज्या जागी आपण आपल्या मुलाला उभे करणार नाही, त्या जागी यंत्र टांगू नये. आणि टांगलेच असेल तर कमरेला दोर व पट्टा बांधल्यावाचून कोणास चढू देऊ नये. काम एक दिवस उशिरा झाले तरी चालेल.

मे महिन्यात आपली वडीलधारी मंडळी कौले शाकारीत, पुरुमेंताची बेगमी करीत. त्याच यादीत आता या यंत्राची निचऱ्याची नळी घालावी. आत काढलेले पाणी याच नळीने बाहेर जाते. तिच्यात शेवाळ व बुळबुळीत गाळ साठतो आणि एके रात्री पाणी उलटून कपाटावर पडते. नळीला सर्वत्र उतार असावा आणि तिचे टोक बादलीतील पाण्यात बुडालेले नसावे. वर्षातून एकदा वीज बंद करून मेकॅनिककडून ती धुवून घ्यावी, त्याच वेळी आतली कॉइल व पंख्याचे रूळही साफ करवून घ्यावेत. तेथेच बुरा धरतो आणि यंत्र लावताच कुबट वास येतो. हे पाणी फरशी पुसायला चांगले. पिण्यास मात्र अयोग्य, दिसायला कितीही स्वच्छ असो.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. यंत्राला स्वतंत्र तार, सोळा अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट व चांगले अर्थिंग हवे. जोडवायर लावून चालवू नये. प्लग हाताला गरम लागला किंवा काळवंडलेला दिसला तर त्याच दिवशी बदलावा. वीज गेली व परत आली तर तीन मिनिटे थांबूनच यंत्र सुरू करावे, म्हणजे आतील दाब समान होतो. सफाई करताना केवळ रिमोटने बंद करू नये, पाटीवरचा स्विच पाडावा. बाहेरच्या यंत्राचे झाकण मात्र घरच्या कोणीही उघडू नये. आतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतो.

तापमान किती ठेवावे, हा नेहमीचा प्रश्न. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर येतील, अशी तरतूद केंद्र शासनाने केली आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. अठरावर लावल्याने खोली लवकर गार होते, हा समज साध्या यंत्रांपुरता तरी निव्वळ भ्रम आहे. माझ्या घरी २६ अंश व छताचा पंखा मंद, एवढ्याने भागते. पावसाळ्यात ‘ड्राय’ ही कळ वापरून पाहावी. कपाटातील कपड्यांना व पुस्तकांना बुरा येतो त्या दिवसांत तिचा उपयोग होतो.

शिक्षक व कर्मचारी बंधूंना एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षातील व कार्यालयातील यंत्राची जाळी कोणाचीच नसते. घरची जाळी निदान कधीतरी निघते. कार्यालयातली मी यंत्र बसविल्यापासून एकदाही न निघालेली पाहिली आहे. भिंतीवर पंधरवड्याच्या तारखांचा एक कागद लावावा आणि ज्याने जाळी धुतली त्याने सही करावी. शाळेत हे काम मुलांना समोर उभे करून दाखविले, तर उष्णता व बाष्पीभवनाचा धडाही होऊन जाईल. स्टुलावर मात्र मोठ्या माणसानेच चढावे.

मी सोबत दोन जाळ्या आणल्या आहेत, एक धुतलेली व एक याच गावातून आज दुपारी काढलेली. घर कोणाचे ते सांगत नाही. साबणाच्या पाण्याची बाटली व पितळी नट जोडलेला नळीचा तुकडाही टेबलावर आहे. बुडबुडा कसा ओळखावा हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी पुढे यावे.