थंडीतील जलरोधन : प्रश्न सांध्यांचा

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



जलरोधन म्हटले की आपल्याला कोकणचा पाऊस आठवतो. मे महिन्यात कौले शाकारायची, गच्चीच्या भेगा बुजवायच्या, हा आपला परिपाठ. आज मात्र आपण लेहचा विचार करू. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील या शहरात पाऊस व हिम मिळून वर्षाकाठी साधारण १०० मिलिमीटर पाणी पडते. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, गवत आणि मातीचा थर एवढे छत तेथे पिढ्यान्‌पिढ्या पुरले. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने या विश्वासाला तडा दिला. आता काँक्रीटची छते आणि पत्रेही दिसतात, आणि त्यांच्याबरोबर सांध्यांचा प्रश्न आला.

पाणी छताच्या मध्यातून क्वचितच शिरते. गच्ची कठड्याला मिळते तेथे, बुखारीचे धुराडे छतातून बाहेर येते तेथे, खिडकीच्या चौकटीभोवती ते वाट शोधते. या सांध्यांवर बसवायच्या जलरोधक पट्टीला फ्लॅशिंग म्हणतात. ती पत्र्याची असते किंवा डांबरी चिकट पटलाची. छतावरचा बर्फ घरातील उबेने वितळतो, थंड कडेशी पुन्हा गोठतो आणि मागचे पाणी पट्टीखाली ढकलले जाते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. केसाएवढी फट काही हिवाळ्यांत बोटाएवढी होते, ती अशी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उणे २० अंशांतही न तडकणारे पटल उणे २० अंशांत चिकटवता येते, असे नाही. वापराचे तापमान वेगळे, बसवण्याचे वेगळे. स्वयंचिकट पटलावरील डांबर मऊ होऊन पृष्ठभागाच्या रंध्रांत पसरले, तरच ते धरते. साधारण ५ अंशांखाली ते ताठरते. दाबल्यावर चिकटल्यासारखे वाटते आणि नंतर कडेने सुटते. सिमेंटमिश्रित व पाण्यात कालवलेल्या लेपांनाही हीच मर्यादा आहे, कारण त्यांतील पाणीच गोठते. एसबीएस प्रकारचे सुधारित डांबर थंडीत एपीपीपेक्षा लवचीक राहते, म्हणून ते निवडावे. परंतु त्यानेही बसवण्याची काळजी टळत नाही.

तापमान हवेचे नव्हे, पृष्ठभागाचे मोजावे. निरभ्र रात्री काँक्रीट हवेपेक्षाही थंड होते. दुपारी दक्षिणेकडील कठडा उबदार असतो, तेव्हा उत्तरेकडील कठड्यावर डोळ्यांना न दिसणारे दहिवर असू शकते. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश अधिक उबदार हवा. गुंडाळ्या रात्री उबदार खोलीत ठेवाव्यात, लागतील तेवढ्याच बाहेर काढाव्यात, आधी प्रायमर पूर्ण वाळू द्यावा, मग गरम हवेने सांधा तापवून रोलरने दाबावा. ज्योतीचा दिवा हा सोपा उपाय वाटतो. पण काटक्या-गवताच्या छताशेजारी तो आगीला आमंत्रण आहे. शिवाय ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणे थांबते. ज्योत मंदावली की सिलिंडरखाली शेकोटी पेटवण्याचा मोह होतो, आणि तो जीवघेणा आहे.

पत्र्याचा हिशेब निराळा. तीन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ५० अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर आखडते. दोन्ही टोके घट्ट खिळली, तर ती खिळ्यांची भोके रुंदावते. म्हणून एक टोक सरकते ठेवतात.

प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्यांनी आता दिनदर्शिकेकडे पाहावे. लडाखमध्ये बांधकामाचा हंगाम ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. निधी उशिरा पोहोचला की सांध्यांचे काम नोव्हेंबरच्या गारठ्यात उरकले जाते, कारण फ्लॅशिंग हे बहुधा शेवटचेच काम. देयक लांबीनुसार निघते आणि चिकटलेली व न चिकटलेली पट्टी मोजपट्टीला सारखीच दिसते. माझ्या मते निविदेतच पृष्ठभागाचे किमान तापमान लिहावे, कामाच्या नोंदवहीत ते तासागणिक नोंदवावे आणि दोषदायित्वाच्या मुदतीत निदान एक पूर्ण हिवाळा व त्यानंतरचे बर्फ वितळणे येऊ द्यावे. मुदत फेब्रुवारीत संपली, तर पाहणी करणाऱ्या अभियंत्याला कोरडी, गोठलेली गच्ची दिसेल. गळती एप्रिलमध्ये सुरू होईल.