पुरळ आलं तर गोळी बंद करू का, ताई?

मागच्या भागात गोळ्या वेळेवर घेण्याबद्दल बोललो, तर त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. अंगावर पुरळ आलं तर काय करायचं? मी डॉक्टर नाही, एआरटी सेंटरवर समुपदेशक आहे. पण हा प्रश्न पहिल्यांदा माझ्याच टेबलावर येतो.

सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी सुरू झाली एप्रिल २००४ मध्ये. मी कामाला लागले तेव्हा नेविरापिन ही नेहमीची गोळी. पहिले १४ दिवस २०० मिलिग्रॅम एकदाच, मग दिवसातून दोनदा. पुरळाचा धोका कमी व्हावा म्हणून अशी हळू सुरुवात. त्यातही बायकांना हे पुरळ जास्त यायचं.

शेतमजुरी करणाऱ्या एक बाई होत्या. मी त्यांना सांगितलं, "थोडी खाज सुटेल, घाबरायचं नाही, गोळी चुकवायची नाही." बाराव्या दिवशी अंगभर लाल पुरळ आलं. मग ताप. मग तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळवेना. तरी त्या घरीच थांबल्या आणि गोळी घेत राहिल्या, कारण ताईंनी सांगितलंय ना, घाबरायचं नाही! भावाने आणलं तेव्हा पाठीची कातडी सुटत होती. याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात, जिवावर बेतू शकतं. त्या वाचल्या. नेविरापिन त्यांना पुन्हा कधीच द्यायचं नाही, असं कार्डावर लाल पेनाने लिहिलं. मला त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी अर्धं सांगत नाही. नुसती खाज, थोडं पुरळ, ताप नाही, तर फोन करा, येऊन दाखवा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. नेविरापिनसारखं औषध रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, सोबतची लवकर निघून जातात. मग विषाणूसमोर एकटंच औषध उरतं आणि तो त्याला सरावतो. काय थांबवायचं, कसं थांबवायचं, ते डॉक्टर ठरवतील. मात्र पुरळासोबत ताप असेल, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड असतील, कातडी सुटत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर तारखेची वाट बघायची नाही. रात्र असली तरी पुढचा डोस घेण्याआधी दवाखाना गाठायचा.

सगळंच काही इतकं गंभीर नसतं. झिडोव्हुडिनने नखं निळी-काळी पडतात, त्याने जिवाला काही होत नाही. पण एकीला जावेने विचारलं, "नखांना काय झालं गं?" आणि हिने भीतीने गोळ्याच सोडल्या. घरात कुणाला माहीत नव्हतं. शेवटी आम्ही दोघींनी मिळून उपाय काढला, गडद नेलपॉलिश. हसू नका, त्यावर तिने पुढची दोन वर्षं काढली.

आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅविर एकत्र असलेली, रोज एकच गोळी मिळते. तिने पुरळ फार कमी येतं. पण सीडी-४ कमी असेल तर त्याच सुमारास सेप्ट्रानही सुरू होते, कुणाला टीबीची औषधं असतात, त्यांनीही पुरळ येतं. म्हणून येताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि वैद्यांच्या पुड्याही. मी ओरडणार नाही.

आणि नागीण. पहिल्या काही महिन्यांत ती उठली की लोक म्हणतात, गोळ्या उष्ण पडल्या. तसं नसतं. झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते, तेव्हा आत दबा धरून बसलेला जुना आजार असा वर येऊ शकतो. त्यावर वेगळं औषध आहे, एआरटी चालूच ठेवायची.

पुरळ दिसलं की मोबाइलवर उजेडात एक फोटो काढून ठेवा. सेंटरवर येईपर्यंत ते ओसरतं आणि मग डॉक्टर विचारतात, कुठे आहे? पुढच्या भागात गोळीने वजन वाढतं का, ते बघू.