एकसूर आणि सुसंवाद
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून 'आपण सारे एक' हे वाक्य हमखास ऐकू येते. एक म्हणजे नेमके कसे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आपली मुले ज्या इंग्रजीत शिकतात, तिच्यातील काही शब्द या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात. आज त्यांचाच थोडा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

'युनिसन' हा शब्द लॅटिनमधला. 'उनुस' म्हणजे एक, 'सोनुस' म्हणजे ध्वनी. सर्वांनी एकच स्वर लावणे, हा त्याचा मूळ अर्थ. गणेशोत्सवात आरतीला आपण उभे राहतो, तेव्हा घडते ते हेच. 'हार्मनी'चे कूळ निराळे. ग्रीक भाषेत तिचे नाते सुताराच्या सांध्याशी आहे. होमरच्या 'ओडिसी'त नायक समुद्र ओलांडण्यासाठी तराफा बांधतो. तेथे लाकडे जोडणाऱ्या बांधणीला हाच शब्द आला आहे. सांधा बसायचा तर एका लाकडाला खाच हवी आणि दुसऱ्याला तीत बसणारे टोक. दोन्ही सारखी असतील, तर जोड होणार कशी?

'टीम' म्हटले की आज क्रिकेट आठवते. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचे दोन अर्थ होते: संतती, आणि एकत्र जुंपलेली जनावरे. हे वाचताना आम्हांस आपली इर्जिक आठवली. गावातील शेतकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरतात आणि काम उरकल्यावर त्याच्याच घरी जेवतात. 'कंपनी' या शब्दाच्या पोटातही लॅटिनमधील भाकरीच आहे. कंपनी म्हणजे एकत्र भाकरी खाणारे. पंगतीत वाढलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

याच कुळात 'लॉकस्टेप' हा एक शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्नच्या तुरुंगात कैद्यांना एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, पाऊल जुळवून चालवीत. तोंड एका बाजूस वळविलेले आणि बोलण्यास सक्त मनाई. दुरून पाहणारास तीही एकजूटच वाटली असेल.

मंडळापुढचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांच्या मराठीत शेजारच्या भाषेचा हेल येतो, लिंग-वचन चुकते, मध्येच इंग्रजी शब्द डोकावतो. त्यावर आपण हसलो, तर मूल गप्प होते; आणि गप्प झालेले मूल पुढच्या वर्षी मंडळात येत नाही. दुसऱ्या भाषेतून आपल्या घरांत आलेल्या सुना आणि जावई यांचेही तेच. पाऊल आणि उच्चार तंतोतंत जुळावेत असा हट्ट धरला, तर रांग सरळ राहील, परंतु ती दरवर्षी आखूड होत जाईल.

आरतीला एकसूर असावा, त्यात आनंद आहे. नाटकाच्या तालमीत, वाचनालयात आणि कार्यकारिणीत मात्र सुताराची दृष्टी हवी. अडखळत बोलणाऱ्या मुलालाही नाटकात एखादी भूमिका द्यावी. चार वाक्ये पाठ करता करता भाषा जिभेवर बसते. पन्नास वर्षे ज्यांनी हा तराफा तरता ठेवला, त्यांना आमचे विनम्र अभिवादन. पुढची लाकडे वेगळ्या झाडांची असतील. त्यांना सांधून घेण्याचे कसब या मंडळास लाभो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.