भिंतीवरचं बोलणं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला 'चित्रकला आणि माणुसकी' हा विषय दिला आहे. बँकेत आयुष्यभर मी आकडेच काढले, चित्रं नाही. तरी बोलतो, कारण आपल्या मुलांनी कंपाऊंडच्या भिंतीवर वारली चित्रं काढली आहेत आणि त्या चित्रांमागचा एक माणूस मला तुम्हाला सांगायचा आहे.

जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४, राहणार डहाणू तालुक्यात. सात वर्षांचे असताना आई गेली आणि धक्क्याने मुलाचं बोलणंच बंद झालं. मनातलं सांगायचं तर ते मातीत चित्र काढून दाखवायचे. समोरच्याने थांबून मातीकडे बघायचं, एवढंच काम.

वारल्यांकडे लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघट देवी. पुरुषाने रोज उठून चित्र काढायची रीत नव्हती. म्हसे काढत राहिले. शेत, जाळं, मुंग्या, तारप्याचा नाच, सगळं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार त्या पाड्यांवर कागद घेऊन गेले. याच कुलकर्णींनी त्याआधी १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमध्ये मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला लावली होती, म्हणजे ती विकून घरात दाणा यावा. म्हसेंचं प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये भरलं. २०११ ला पद्मश्री मिळाली. २०१८ ला ते गेले.

आता आपल्याकडचं. मी काउंटरवर असताना धडगावकडचा एक म्हातारा यायचा. त्याची पावरी मला येईना, माझी मराठी त्याला कळेना. एकदा त्याने पैसे काढायच्या स्लिपच्या मागे दोन बैल काढले आणि एकावर काट मारली. मागे रांग ओरडत होती, 'काय भो, लवकर करा ना!' पण मला कर्ज कशाला हवं ते कळलं. तोवर मी त्याच्याकडून फक्त अंगठा घेत होतो.

वारली नक्षी हल्ली आपल्या कपांवर आहे, पडद्यांवर आहे. मात्र आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा पाडा कोणता, हे किती घरांत माहीत आहे? माझ्या घरात विचारलं, दोघांनी दोन गावं सांगितली.

आपल्या वॉचमनची मुलगी फारशी कोणाशी बोलत नाही. ती पार्किंगमध्ये खडूने चित्रं काढते. परवा एक घर होतं, दारात कोंबड्या, मागे डोंगर, बहुतेक तिच्या गावाकडचा. दुपारी कोणीतरी पाणी मारून धुऊन टाकलं. गाडीला खडू लागतो, मान्य आहे.

तर कार्यकारिणीला एक विनंती आहे. पाण्याच्या टाकीकडचा भिंतीचा तुकडा अजून कोरा आहे. तो तिला द्यावा, आणि आपल्या नातवंडांनी तिच्या हाताखाली काम करावं. काय काढायचं ते तिने ठरवावं. रंगाचं बिल माझ्याकडे पाठवा.