नादुरुस्त संगणक आणि हरवलेला ड्रायव्हर



शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात ज्या संगणकापुढे 'नादुरुस्त' असा शेरा पडलेला असतो, तो खरोखरच नादुरुस्त आहे काय, हा प्रश्न निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. कित्येकदा यंत्राचा एकही भाग बिघडलेला नसतो. संगणक मंद चालतो म्हणून कोणीतरी त्यातील विंडोज पुसून ती नव्याने बसवलेली असते. त्यानंतर आवाज येत नाही, इंटरनेट जोडले जात नाही, पडद्यावरील चित्र ओबडधोबड दिसते. आणि 'मदरबोर्ड गेला' असा निवाडा देऊन यंत्र कपाटामागे ठेवले जाते. यंत्र शाबूतच असते. हरवलेला असतो तो केवळ त्याचा ड्रायव्हर.

ड्रायव्हर ह्या शब्दाचा 'चालक' असा अर्थ घेतल्यास घोटाळा होतो. 'दुभाषी' हा अर्थ अधिक जवळचा. ऑपरेटिंग सिस्टिम 'आवाज काढ' एवढी सर्वसाधारण आज्ञा देते. परंतु अमुक कंपनीच्या अमुक चिपला ती आज्ञा कोणत्या संकेतांनी कळवावी, हे ज्या लहानशा प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असते तो ड्रायव्हर होय. विंडोजबरोबर असे पुष्कळ दुभाषी येतात, पण सर्व येत नाहीत. जो येत नाही तो यंत्र विकत घेताना मिळालेल्या सीडीत असतो, आणि ती सीडी शाळेत कोठे आहे हे बहुधा कोणासच ठाऊक नसते.

जुन्या यंत्राची अडचण दुहेरी आहे. इंटेलचे जी३१ व जी४१ हे चिपसेट अनुक्रमे २००७ व २००८ मधील. त्यांतील चित्रव्यवस्थेसाठी इंटेलने विंडोज ७ पर्यंतच ड्रायव्हर दिले. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आणि विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्रास अधिकृतपणे स्वीकारत नाही. जेथे ड्रायव्हर आहे तेथे सुरक्षा नाही, आणि जेथे सुरक्षा आहे तेथे यंत्रास प्रवेश नाही, अशी ही ओढाताण आहे. विंडोज ७ साठी लिहिलेला ड्रायव्हर विंडोज १० वर पुष्कळदा चालतो, हा त्यातल्या त्यात दिलासा. मात्र एक अट कधीही सुटत नाही: ३२ बिटांच्या विंडोजला ३२ बिटांचाच व ६४ बिटांच्या विंडोजला ६४ बिटांचाच ड्रायव्हर लागतो. पूर्वीची विंडोज ३२ बिटांची होती, दुकानदाराने नवी ६४ बिटांची बसवली, आणि सीडी सापडूनही तिचा उपयोग झाला नाही, असे प्रसंग ह्यामुळेच घडतात.

शोध कोठून सुरू करावा? 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. ज्या उपकरणास दुभाषी मिळालेला नाही, त्याच्यापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसते. कित्येकदा त्याचे नावही 'अननोन डिव्हाइस' एवढेच असते. नाव नसले तरी ओळख असतेच. त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स'ह्या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडले असता रोमन अक्षरांची व अंकांची एक ओळ दिसते. तीत 'व्हीईएन' ह्या अक्षरांपुढील चार चिन्हे उत्पादकाची आणि 'डीईव्ही'पुढील चार चिन्हे उपकरणाची असतात. ८०८६ म्हणजे इंटेल (ह्या कंपनीच्या १९७८ मधील प्रसिद्ध प्रोसेसरचा हाच क्रमांक); १०ईसी म्हणजे रिअलटेक. १०ईसी व ८१६८ अशी जोडी दिसली, तर ते रिअलटेकचे नेटवर्क-उपकरण आहे हे निश्चित समजावे. हजेरीपटावर मुलाचे नाव खोडले गेले तरी जनरल रजिस्टरातील क्रमांकावरून त्याचा दाखला काढता येतो, तसाच हा प्रकार. 'साउंड ड्रायव्हर' असे मोघम शोधण्यापेक्षा ह्या ओळीने शोधलेले केव्हाही चांगले.

ती ओळ घेऊन प्रथम यंत्राच्या उत्पादकाचे संकेतस्थळ पाहावे. जोडणी करून घेतलेल्या संगणकावर उत्पादकाचे नाव नसते. तेव्हा विजेची वायर काढून, पेटी उघडून, मदरबोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक वाचावा. तेथेही निराशा झाल्यास मायक्रोसॉफ्टच्या 'अपडेट कॅटलॉग'मध्ये हाच आयडी घालून शोधता येते. जुनी पाने कायम राहतात असे गृहीत धरू नये. इंटेलने २०१९ मध्ये आपल्या जुन्या मदरबोर्डांसाठीचे अनेक ड्रायव्हर काढून घेतले. 'एका बटनात सर्व ड्रायव्हर' असे आश्वासन देणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या नादी मात्र लागू नये. त्यांपैकी बरेच नको ती जाहिरातबाजी यंत्रात सोडतात, आणि साफ करण्यासाठी पुन्हा विंडोज पुसण्याची पाळी येते.

नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल तर किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी गत होते. त्यासाठी दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये तो आणावा, अथवा अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. विंडोज ७ व नंतरच्या विंडोज अशा जोडणीस बहुधा स्वतःच ओळखतात. चिपसेटचा ड्रायव्हर सर्वांआधी बसवावा. नंतर नेटवर्क, चित्र व आवाज ह्यांचे बसवून यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे.

खरे पाहता ही सारी यातायात विंडोज पुसण्यापूर्वीच टाळता येण्याजोगी आहे. 'विंडोज' फोल्डरातील 'सिस्टिम३२'मध्ये 'ड्रायव्हरस्टोअर' नावाचा फोल्डर असतो. त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली व पुढे तेवढ्याच बिटांची तीच विंडोज बसवली, तर ड्रायव्हर बसवताना त्या प्रतीकडे बोट दाखवणे पुरते. त्याच वेळी शाळेचे निकालपत्रक, प्रश्नपत्रिका आणि ज्या मराठी फाँटांत त्या टंकित केल्या ते फाँट ह्यांचीही प्रत घ्यावी. फाँट गेल्यामुळे प्रश्नपत्रिकेत विचित्र चिन्हे दिसू लागली, तर तो ड्रायव्हरचा दोष नव्हे.

आणि जेथे यंत्राविषयीच शंका आहे, तेथे लिनक्स उपयोगी पडते. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर तिच्या गाभ्यातच असतात, आणि उबुंटूसारखी आवृत्ती हार्ड डिस्कला स्पर्श न करता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. केरळातील शाळांत तर लिनक्सवरच संगणकशिक्षण चालते. काही उपकरणे येथेही हट्टी निघतात: ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपांना वेगळी फाइल द्यावी लागते, आणि एचपी लेसरजेट १०२० हा प्रिंटर प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून आपला फर्मवेअर नव्याने मागतो. परंतु पेनड्राइव्हवरील लिनक्समध्ये आवाज ऐकू आला व इंटरनेट जोडले गेले, तर त्या यंत्राचे निर्लेखन करू नये. तेथेही यंत्र मुकेच राहिले, तर कोणते उपकरण बंद आहे ते त्याच्या आयडीसह लिहून मगच प्रस्ताव पाठवावा.