शिलेदाराचे पिस्तूल



पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याने ज्या विंचूर गावाचे नाव पेशवाईच्या दप्तरात कायमचे नोंदवून ठेवले, त्या गावी येऊन शस्त्रासंबंधी बोलावयाचे, तर ते तलवारीविषयी किंवा तोफेविषयी असावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आजचा माझा विषय त्याहून पुष्कळच लहान, म्हणजे अक्षरशः मुठीत मावणारा आहे. रोज कमरेस बाळगावयाचे, वरचेवर चालवावयाचे आणि तरीही वर्षानुवर्षे टिकावयाचे पिस्तूल कसे निवडावे, हा तो विषय. नाशिक जिल्ह्यात पिस्तूल हा शब्द उच्चारताच २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, विजयानंद नाट्यगृह आणि तेथे इंग्रज कलेक्टरावर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे यांचे स्मरण होते. त्या इतिहासाला वंदन करून मी त्यापासून दूर जातो, कारण मला आज बोलावयाचे आहे ते एका क्षणाच्या शस्त्राविषयी नसून नित्याच्या वहिवाटीतील शस्त्राविषयी.

आपल्या पूर्वजांच्या फौजेत स्वारांचे दोन वर्ग असत, हे आपणांस ठाऊकच आहे. सरकारी घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणारा तो बारगीर, आणि घोडा व हत्यार पदरचे आणून चाकरी करणारा तो शिलेदार. हा भेद लष्करातून गेला. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र तो आजही तंतोतंत लागू पडतो. पोलीस आणि सैनिक हे बारगीर. त्यांच्या कमरेस कोणते पिस्तूल असावे हे सरकार ठरविते. परवानाधारक नागरिक हा शिलेदार. तो आपले शस्त्र आपल्या पैशाने व आपल्या पसंतीने घेतो. मौज अशी की, ज्याला शस्त्र रोज बाळगावे लागते त्याला निवड नाही, आणि ज्याला निवड आहे तो वर्षानुवर्षे एक गोळीही झाडीत नाही.

सरकार आपल्या बारगिरांसाठी शस्त्र कसे पारखते, हे प्रथम पाहू; कारण शिलेदाराने शिकावे असे त्यात पुष्कळ आहे. १९११ साली अमेरिकी सैन्याने जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तूल पसंत केले, त्यापूर्वी त्यातून दोन दिवसांत सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. ते हातात धरवेना इतके तापले की पाण्यात बुडवून थंड करीत आणि पुन्हा चालवीत, आणि इतके करूनही ते एकदाही अडले नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली ग्लॉक नावाचे, प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा सांगाडा असलेले पिस्तूल स्वीकारले. त्या वेळची एक अट अशी होती की पहिल्या दहा हजार गोळ्यांत ते वीसपेक्षा अधिक वेळा अडता कामा नये. आणि इतकी पारख करूनही चूक होते. अमेरिकेने १९८५ मध्ये बेरेटा घेतले, आणि थोड्याच वर्षांत, फार गोळ्या झाडलेल्या काही पिस्तुलांच्या स्लाइड, म्हणजे वरचे सरकते भाग, तुटून त्यांचे तुकडे नेमबाजांच्या तोंडावर आले. तेव्हा स्लाइड तुटलीच तरी मागे येऊ नये म्हणून आतील एका खिळीचे डोके मोठे करावे लागले. आपल्याकडे सैन्याच्या व पोलिसांच्या हाती दीर्घकाळ राहिले ते ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल. त्याचा मूळ नमुना बेल्जियममधील १९३५ सालचा, पोलादी आणि वजनदार.

आता पिस्तुलाच्या रुळांविषयी बोलू; त्यांची चर्चा हल्ली फार होते. येथून लासलगावच्या स्टेशनावर आपण नेहमी जाता. दोन रूळ समांतर आणि घट्ट असतील तोवरच गाडी धावते, हे आपणांस सांगावयास नको. पिस्तुलातही असे रूळ असतात, आणि ते दोन प्रकारचे. पहिले आत, सांगाड्याच्या अंगी कोरलेले; प्रत्येक गोळीबरोबर स्लाइड त्यांवरून मागे जाते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येते. दुसरा बाहेर, नळीच्या खाली, खाचा पाडलेल्या पट्टीच्या रूपाने; त्यावर लहान दिवा बसवितात. अशा पट्टीचे माप अमेरिकी सैन्याने १९९५ साली पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ठरवून दिले, आणि पुढे असंख्य शस्त्रांनी ते किंवा त्याच्याशी मिळतेजुळते माप उचलले. पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने महूच्या पायदळ शाळेतील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्यासह सिद्ध केलेल्या आणि २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या 'अस्मी' या छोट्या स्वयंचलित शस्त्रातही वरच्या अंगास दुर्बीण वा दिवा बसविण्याची सोय आहे.

बाजारात गिऱ्हाइकाचे लक्ष बाहेरच्या रुळाकडे जाते, कारण तो दिसतो. शस्त्राचे आयुष्य मात्र आतल्या रुळावर अवलंबून असते. पोलादी सांगाडा जड, पण झिजेला चिवट. अॅल्युमिनियमचा हलका, पण तेलाविना आणि धुळीत लवकर झिजणारा. प्लास्टिकच्या सांगाड्यात पोलादी रूळ आत बसविलेले असतात, म्हणून तो हलका असूनही टिकतो. परंतु ह्या तिन्हींच्या आधी थकते ती परतीची स्प्रिंग, आणि तिच्यामागून मॅगझिनची स्प्रिंग व मॅगझिनचे ओठ. हे झिजून खर्ची पडणारे भाग आहेत; घोड्याच्या नालाप्रमाणे ते बदलावयाचेच असतात. ज्याने तीस वर्षे टिकेल असे पिस्तूल घेतले आणि तीस वर्षे स्प्रिंग बदलली नाही, त्याने टिकाऊपणाला पैसे मोजले आणि तो घरी आणलाच नाही.

बाहेरच्या रुळाविषयीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दिवा नळीखाली बसला की तो जिकडे वळेल तिकडे नळी वळते. रात्री शेतात खुडबुड झाली म्हणून असा दिवा फिरविणारा मनुष्य आपल्याच सालदाराच्या, कदाचित आपल्याच मुलाच्या छातीवर भरलेले शस्त्र रोखून पाहत असतो. पाहावयास हातातली बॅटरी वेगळी असावी, हा पहिला नियम. शिवाय दिव्याने वजन वाढते, आणि जुन्या चामडी खोळीत ते पिस्तूल बसेनासे होते. खोळ सैल, तर शस्त्र असुरक्षित. रूळ असणे वाईट नाही. त्यावर काहीतरी लावलेच पाहिजे असे वाटणे वाईट.

येथून शिलेदाराच्या निवडीकडे वळू. ती त्याला वाटते तितकी मोकळी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर ठेवले आहे. त्याच्या वाट्यास येते ते बहुधा .३२ बोअरचे, ईशापूरच्या 'अशनी'सारखे पिस्तूल किंवा कानपूरचे रिव्हॉल्व्हर. परवान्यास वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत, पोलिसांचा अहवाल हवा. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी व प्रशिक्षणही त्यात घातले. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार उडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तजवीज केली. किती काडतुसे बाळगावयाची, तेही परवान्यातच नमूद असते. मग वरचेवर नेम साधावयाचा, तो कोठे आणि कशाने?

ह्याचे उत्तर कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत यांच्याकडे पाहिले म्हणजे मिळते. २०१३ मध्ये चांगवनला विश्वचषकाचे सुवर्णपदक आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांग येथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक त्यांनी मिळविले. त्या प्रकारातील पिस्तूल .२२ चे, चापाचा भार किमान एक किलो, आणि पात्रता फेरीत साठ गोळ्या. ह्या साठ गोळ्यांसाठी सरावात किती झाडाव्या लागतात, ते खेळाडूच जाणे; आणि त्याहूनही अधिक वेळा रिकाम्या शस्त्रावर केवळ चाप दाबण्याचा सराव करावा लागतो. कमरेचे शस्त्र घेणाऱ्याने हा धडा घ्यावा. नेमबाजीच्या संस्थेत, शिक्षकाच्या नजरेखाली, .२२ वर हात बसवावा. तेथेच, परवान्याच्या मर्यादेत, आपले .३२ अधूनमधून चालवून पाहावे. आणि परतल्यावर ते उघडून, पुसून, तेल देऊन ठेवावे.

शेवटी पुन्हा विंचूरकडे येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती पायदळ व तोफखाना, आपल्या जागी लढत होते, आणि त्यांची बाजू राखण्याचे काम विठ्ठल शिवदेव व दमाजी गायकवाड यांच्या घोडदळाकडे होते. ते घोडदळ गोल, म्हणजे लढाईची ठरलेली रचना, सोडून पुढे धावले, रोहिल्यांच्या बंदुकांपुढे मागे फिरले, आणि गारदी उघडे पडले, असे इतिहासकार सांगतात. त्या स्वारांच्या शौर्यास कोणी बोल लावू नये; धावून जाणे हा त्यांचा जन्माचा सराव होता. उत्तम तोफा घेऊन झाल्या होत्या, परंतु तोफांबरोबर लढण्याची रीत स्वारांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. शस्त्र विकत मिळते. अंगवळण विकत मिळत नाही.

म्हणून माझा निवाडा साधा आहे. ज्याची दुरुस्ती करणारा कारागीर आणि ज्याच्या स्प्रिंगा आपल्याला मिळतात, जे आपल्या हाती बसते, आणि जे घेऊन आपण नियमाने सरावाच्या मैदानावर जातो, ते साधे पिस्तूल उत्तम. बाहेरचा रूळ असो वा नसो. या सभेत जे परवानाधारक असतील, त्यांनी आज घरी गेल्यावर गेल्या वर्षात सरावासाठी किती काडतुसे झाडली, तो आकडा आठवावा. तो शून्य निघाला, तर एकतर सराव सुरू करावा, नाहीतर पोलीस ठाण्यात जाऊन शस्त्र जमा करावे आणि पावती घ्यावी.